पांढऱ्या दगडांची जागा

आमच्या विद्यापीठाच्या आवारात, इंजिनिअरिंगच्या इमारतीमागे, मातीचा एक गोल बांध आहे. पुरुषभर उंच, बाहेरून चर खणलेला, आणि आत एखादं घरगुती लग्न लागेल एवढी सपाट जागा. हजार वर्षांहून जुना. कधीकाळी आत एखादं शेतकरी कुटुंब गुरावासरांसकट राहत असणार. इथले लोक त्याला नुसतं फोर्ट म्हणतात. आयर्लंडभर असे फोर्ट पसरलेले आहेत आणि नांगर फिरवणारा शेतकरी त्यांना वळसा घालून जातो. त्यांत पऱ्या राहतात, त्यांच्या झाडाची फांदी तोडली तरी घरावर काहीतरी ओढवतं, असं म्हणतात.

मी त्याच विद्यापीठाच्या इमारत विभागात सिव्हिल इंजिनिअर आहे. नवरा गावातल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. पुणं सोडून बारा वर्षं झाली होती, तरी दुसऱ्याला शिस्त लावायची माझी खोड काही गेली नव्हती. ही खोड आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्या वर्षी फोर्टाशेजारून सायकलचा रस्ता आणि पार्किंग न्यायचा नकाशा माझ्या टेबलावर आला. रस्ता चराला जवळजवळ चिकटून जात होता. कायद्याने फोर्टाला हात लावता येत नाही, पण शेजारी डांबर ओतायला कोण अडवतंय? मी भांडले. मीटिंगमध्ये सगळे माना डोलवायचे, "फेअर पॉइंट" म्हणायचे, आणि पुढच्या मीटिंगला नकाशा तोच. तसं पाहिलं तर त्यांनाही बोल लावता येत नव्हता. फोर्ट दिसायचाच कुठे? बांधावर हॉथॉर्नची काटेरी झाडं, आत कमरेएवढी रानटी ब्लॅकबेरीची जाळी, तिच्यात अडकलेली चिप्सची पाकिटं आणि बिअरचे कॅन. जे दिसतच नाही ते जपणार कोण, असं माझं म्हणणं होतं.

कॉलेजात असताना आम्ही दर दुसऱ्या रविवारी एखाद्या गडावर श्रमदानाला जायचो. झाडोरा काढायचा, पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसायचा, आणि इकडेतिकडे पडलेले सुटे दगड गोळा करून वाटेच्या कडेने नीट रचून ठेवायचे. संध्याकाळी उतरताना मागे वळून पाहिलं की गडाने नुकतीच आंघोळ केलीय असं वाटायचं. जुन्या वास्तूवर प्रेम करायचं म्हणजे तिची साफसफाई करायची, हे माझ्या हाडीमासी भिनलेलं होतं. प्रेम करायची दुसरी एखादी रीत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

म्हणून मी इथल्या मराठी मंडळाला श्रमदानाला बोलावलं. फेब्रुवारीतला, महाराजांच्या जयंतीच्या आठवड्यातला शनिवार ठरवला. मार्चपासून पक्षी घरटी करतात म्हणून झुडपं तोडायला इथे बंदी असते, तेही मी आधीच पाहून ठेवलं होतं. साहेबांना विचारलं. "कचरा उचलणार? थोडी झाडझूड? ग्रँड," म्हणाले आणि फोनकडे वळले.

खरं विचारायला हवं होतं ते एकाच माणसाला, आणि त्यांनाही मी विचारलं होतं. आवारातली हिरवळ आणि झाडं सांभाळणारे एक गृहस्थ होते. घरी आम्ही त्यांना माळीबुवा म्हणायचो. जन्म याच गावातला, चाळीस वर्षं याच नोकरीत, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. बाकी सगळं आवार ते चकाचक ठेवायचे, पण फोर्टाच्या चरापाशी आले की गवत कापायचं यंत्र वळवायचे.

"तुम्ही आतलं कधीच साफ करत नाही?" मी विचारलं.

"आहे तसंच बरं आहे ते."

"पऱ्यांमुळे?"

त्यांनी टोपी जरा मागे सरकवली. "तसं म्हणतात खरं."

"मग आम्ही केलं तर? आम्ही बाहेरचे. आम्हाला काय करणारेत तुमच्या पऱ्या?"

ते हसले नाहीत. "तुमच्या जागी मी असतो, तर राहू दिलं असतं," म्हणाले आणि यंत्र चालू केलं.

इथला माणूस तोंडावर 'नको' म्हणत नाही. 'तुमच्या जागी मी असतो तर' म्हणजेच नको, हे बारा वर्षांत मला कळायला हवं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण मी पडले अतिशहाणी. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "बघ, एवढा शिकलेला देश, आणि अजून भुताखेतांना घाबरतात."

त्या शनिवारी आम्ही तिसेक जण जमलो. गॉलवेहून तीन गाड्या आल्या. ट्रलीच्या हॉस्पिटलातलं एक डॉक्टर जोडपं पहाटे निघून पोह्यांचा भलामोठा डबा घेऊन आलं. दोन दिवस पाऊस झाल्याने आत चिखल होता. मी बांधावर उभी राहून सगळ्यांना बजावलं, "कुदळ नाही, फावडं नाही. जमिनीत काही म्हणजे काही खुपसायचं नाही. फक्त कोयता, कात्री आणि हात." नियम मला तोंडपाठ होते आणि त्याचा मला अभिमानही होता.

जाळी निघाली तसे खाली दगड दिसायला लागले. पांढरे, गारगोटीचे, काही नारळाएवढे, काही मुठीएवढे. इथे दोन, तिथे एक, कडेला चार-पाच. "हे समुद्राकाठचे गोटे इथे कसे आले गं?" मंडळाच्या खजिनदारबाईंनी विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "शेतातले वेचून टाकले असतील. उचला." उचलताना आम्ही ते पुसलेसुद्धा. बांधातल्या प्रवेशापासून आतपर्यंत दोन्ही बाजूंना ओळीत मांडले. त्रेचाळीस भरले. मग सकाळपासून फांद्यांना बांधलेला मंडळाचा फलक सोडला, तो ताणून धरून फोटो काढले, महाराजांचा जयजयकार केला, आणि बांधावर बसून पोहे खाल्ले. इतकं समाधान मला या देशात त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम फोर्टाकडून गेले. माळीबुवा आत उभे होते. आता कौतुक ऐकायला मिळणार, असं मला वाटलं. ते दगडांच्या ओळीजवळून वाकून वाकून चालत होते, प्रत्येक दगड पाहत होते. एक दगड त्यांनी उचलला. त्याच्यातून गंजाच्या रंगाची एक शीर गेलेली होती.

"हा आमचा," ते म्हणाले. "कुठे होता हा?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "आतच होता कुठेतरी."

ते बांधावर बसले, दगड मांडीवर घेतला, आणि रागाचं अक्षरही न काढता त्यांनी मला सांगितलं. पूर्वी बाप्तिस्मा व्हायच्या आधी बाळ गेलं तर त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नसे. ते स्वर्गात जात नाही, असं धर्मगुरू सांगायचे. मग बाप त्याला एखाद्या खोक्यात घालून, दिवस मावळला की एकटाच निघायचा आणि फोर्टात पुरून यायचा. फोर्टाला कुणी नांगर लावत नाही, एवढीच काय ती खात्री. खूण म्हणून वर एक पांढरा दगड. नाव नाही, नोंद नाही. आईला सोबत नेत नसत. त्यांच्या आईवडिलांचं पहिलं मूल, यांच्या जन्माआधीची मुलगी, तिथे होती. तेव्हा ही सगळी शेतजमीन होती. विद्यापीठ पुढे आलं.

"पऱ्यांचं नाव घेतलं की पोरंटोरं आत जात नाहीत," ते म्हणाले, "आणि बाळांचं नाव काढावं लागत नाही."

मी खाली बसले. लाज वाटली हा शब्द फार छोटा आहे. मला माझीच किळस आली. आम्ही तिथे पोहे खाल्ले होते.

त्यांची आई जिवंत होती. एक्क्याण्णव वर्षांची, गावातल्या नर्सिंग होममध्ये. मुलीच्या जागेपाशी ती कधी गेली नव्हती. आधी जाऊ दिलं नाही, मग दुसरी मुलं झाली, मग पाय गेले. वडिलांनी मरायच्या आधी मुलाला बांधावर आणून तो शीर असलेला दगड दाखवला होता. आता म्हातारीचं मागणं एकच होतं. ती गेली की तिथली मूठभर माती तिच्या शवपेटीत ठेवायची. मुलाने तिला शब्द दिला होता.

"पण जागा तर तुम्हाला माहीत असेल ना?" मी विचारलं. माझ्याच आवाजाची मला भीती वाटत होती.

"आजच्या आधी मी आत कधी पाऊल टाकलं नाही. बांधावरून जाळीच्या दोन फांद्यांमधून दिसायचा. त्या फांद्यांवरून मला कळायचं." त्यांनी मोकळ्या चिखलाकडे पाहिलं. "आता सगळं सारखंच दिसतंय."

करायला गेले काय आणि होऊन बसलं काय. मी खुणेचा दगड हलवला होता, आणि खुणेची खूणही तोडून टाकली होती.

त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी कामाला लागले. दगडाखालची माती फिकी पडते, तिथे गवत नसतं, म्हणजे जागा ओळखता यायला हवी. पण साठ बुटांनी तो चिखल तुडवला होता. मग फोटो. मंडळाच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक फोटो, शिवाय प्रत्येकाच्या फोनमध्ये राहिलेले, सगळे मागवले. कुणाला कारण सांगितलं, कुणाला सांगवेना. झाडांची खोडं जुळवून जुळवून मी नकाशावर एकेक दगड बसवत गेले. अकरा दगडांच्या जागा पक्क्या झाल्या. शीर असलेला दगड एकाही फोटोत नव्हता. आत पूर्वेकडे एक पट्टा असा होता, की काम चालू असतानाच्या तिथल्या प्रत्येक फोटोत मंडळाचा तो बांधलेला फलक मध्ये येत होता. बाकी कुठेच नव्हता म्हणजे तो त्या फलकामागे असणार. पट्टा दहा-बारा पावलांचा, आणि मला हवी होती टोपलीएवढी जागा.

पुरातत्त्व खात्याच्या एक बाई येऊन गेल्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी मला जे सुनावायचं ते सुनावलं, आणि मला ते हवंच होतं. फोर्टात बाळांची दफनं आहेत हे तोवर कुठल्याही कागदावर नव्हतं. आता ते आलं. चराबाहेर चांगली रुंद पट्टी मोकळी सोडायचा हुकूम निघाला, रस्ता आणि पार्किंग दुसरीकडे गेलं. जे मी इतके महिने भांडून मिळवू शकले नव्हते, ते माझ्या गुन्ह्याने मिळालं. मीटिंगमध्ये साहेबांनी माझं अभिनंदन केलं. लोकांनी टेबलं वाजवली, तेव्हा मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले.

त्याच सुमारास एका रविवारी मी आईला पुण्याला फोन केला. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता आणि आठ दिवसांत गेला होता, एवढं मला माहीत होतं. आपल्यातही तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. तोवर मी तिला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"आई, त्याला कुठे ठेवलं होतं गं?"

ती म्हणाली, "आज काय काढलंस हे मध्येच?"

"सांग ना."

"मला काय माहीत. कराडला होतो तेव्हा. तुझे मोठे काका पंच्यात गुंडाळून घेऊन गेले. नदीच्या बाजूला वळले, एवढं दिसलं मला खिडकीतून."

"नंतर विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारायचं? बाळंतीण मी, दूध येत होतं. रडू नकोस, दुसरं होईल, म्हणाले सगळे. तू झालीस की मग." पुढे ती म्हणाली, "कुणी खोटं सांगितलं असतं ना, की हे बघ, या झाडाखाली ठेवलाय, तरी चाललं असतं मला. एखादं झाड तरी झालं असतं."

मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग तू पण तेच कर ना. एक स्पॉट दाखव त्यांना आणि मोकळी हो. ती बाई नव्वदीची आहे. तिला प्रूफ नकोय, तिला मनाची शांती हवीय." मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यभर मी लोकांना तोंडावर खरं ऐकवत आले होते. तेवढाच एक गुण माझ्याकडे आहे असं मी समजत होते.

ऑक्टोबरात माळीबुवा माझ्या ऑफिसच्या दारात आले. आत यायला सांगितलं तरी आले नाहीत, बुटांना माती होती. "आईचं आता दोन-चार दिवसांचं आहे, असं डॉक्टर म्हणतात," ते म्हणाले. "त्या फोटोंचं पुढे काही..."

"सापडला," मी म्हटलं.

पुढचं माझं मलाच ऐकू येत होतं. एक जण नोकरी बदलून गेला होता, त्याच्या जुन्या फोनमध्ये एक फोटो निघाला, त्यात दगड स्पष्ट दिसतोय, काल रात्रीच मोजून पाहिलं. इतक्या तपशिलात मी कधी खरंसुद्धा सांगितलेलं नाही. त्यांनी फोटो पाहायला मागितला नाही. फक्त डोळे मिटले आणि उघडले.

आम्ही दोघं फोर्टात गेलो. पूर्वेच्या पट्ट्यात जमीन थोडी खचल्यासारखी वाटत होती, ती जागा मी दाखवली. खचलेली जागा म्हणजे दफन असू शकतं, असं मी स्वतःला समजावलं. नुसता सशाने उकरलेला खळगाही असू शकतो, हेही मला माहीत होतं. त्यांनी दगड मांडला, गुडघ्यावर बसले आणि निळ्या रुमालात मूठभर माती घेतली. तिथली चिमूटभर माती हलवायलाही परवानगी लागते. नियम तोंडपाठ असलेली मी दुसरीकडे बघत उभी राहिले. "यू'र व्हेरी गुड," ते उठताना म्हणाले.

पाचव्या दिवशी म्हातारी गेली. इथे अंत्यदर्शनाला सगळं गाव येतं. रांग लागते, घरच्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. मी रांगेत उभी राहिले. शवपेटीत एवढीशी बाई, निळ्या कार्डिगनमध्ये, केस विंचरून बसवलेले. बोटांत जपमाळ होती आणि जपमाळेखाली तो रुमाल, गाठ मारलेला. त्या गाठीकडे मला पाहवेना.

माळीबुवांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तिला सांगितलं, जागा मिळाली म्हणून. कुणी शोधली, विचारलं तिने. मी म्हटलं, आमच्याकडच्या इंडियन बाईंनी. तुमचं नाव काही तिला म्हणता येईना. मग प्रार्थनेत आधी ते बाळ, आणि मग 'ती बाई'. आम्हा मुलांचा नंबर त्यानंतर." ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सगळे म्हणत होते तेच मीही म्हटलं आणि पुढे सरकले. दाराशी कुणीतरी माझ्या कोपराला धरलं. रांगेत माझ्या मागे असलेले एक वृद्ध गृहस्थ होते, काठी टेकत आलेले. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं.

"तुम्हीच ना त्या?" ते हळू आवाजात म्हणाले. "माझे दोन भाऊ आहेत तिथे. जुळे. आई जाईपर्यंत विचारत होती. दगड एकच होता, जरा चपटासा. तुम्ही यांची शोधलीत तशी आमचीही जागा सांगाल ना?"

चपटा दगड मला आठवत होता. तो मी स्वतःच्या हातांनी उचलला होता.

"बघते," मी म्हटलं.